उसाच्या रसाचे सात दिवस

आबांच्या काविळीचा विषय निघाला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. आबा म्हणजे माझे वडील. गेल्या उन्हाळ्यात मार्गासनीहून काकीचा फोन आला, "आबांचं डोळं पार पिवळं पडल्यात, लवकर ये." मी भोरला शाळेत विज्ञान शिकवते. तशीच निघाले, त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर कावीळ निघाली. आबांना मधुमेह जुना, तेही मी डॉक्टरांना सांगितलं. "आराम करा आणि साखर बंदच ठेवा," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

साखर तर आबांनी कधीच सोडली होती. लग्नाच्या पंगतीत जिलेबीवाला दिसला की ते ताटावर आडवा हात धरत. चहा बिनसाखरेचा, आणि त्याचा तोरा काय विचारता.

पण कावीळ म्हटली की आमच्याकडे तेल बंद, हळद बंद आणि उसाचा रस चालू. बघायला येणारा प्रत्येक जण तेच सांगे. त्यात भावकीच्या मोबाईल ग्रुपवर पांढरा कोट घातलेल्या कुणाचा तरी व्हिडिओ आला, उसाचा रस लिव्हर धुऊन काढतो म्हणून. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! म्हाताऱ्या बायका आणि मोबाईल एकच बोलायला लागल्यावर शंका घ्यायची कुणी?

मी घ्यायला हवी होती. पण मीच रोज शाळा सुटली की कापूरहोळला उतरून रसवंतीवर दोन बाटल्या भरून घेई, आणि मिळेल त्या गाडीने मार्गासनी गाठी. उसाच्या रसात साखरच असते, हे सातवीच्या मुलांना फळ्यावर लिहून देणारी मी. घरी मात्र तो रस नव्हता, औषध होतं.

चौथ्या दिवसापासून आबांना तहान आवरेना. घशाला कोरड, सारखं लघवीला जाणं. काकी म्हणाली, "कावीळ भाईर पडतीया, ब्येस झालं." तहान लागते म्हणून आम्ही आणखी रस दिला. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सातव्या दिवशी आबा हाकेला ओ देईनात. शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून त्यांना नेलं. नर्सनं बोटाला सुई टोचली, तर यंत्राला आकडाच दाखवता येईना, इतकी साखर चढलेली. रसाचं ऐकून डॉक्टर माझ्यावर ओरडले, "शिकलेल्या ना तुम्ही?" मीही ओरडले, "साखर बंद म्हणालात, रस नको हे सांगायला किती वेळ लागला असता?" दोघंही खरंच बोलत होतो, म्हणून जास्त राग आला.

आबा वाचले. घरी आणलं त्या दिवशी मी अंगणात उभी राहून काकीवर, भावकीवर, सगळ्यांवर तोंड सोडलं. "तुमच्या नादाला लागून माझा बाप गेला असता!"

आबा खाटेवरून म्हणाले, "त्यांना कशापायी बोलतीस? तुज्या काकीनं पयल्या दिशी रस दिला, तवा म्या तांब्याला हातबी लावला न्हवता. तू आणलास, म्हनून प्यालो."