हातोड्याचं बिनलोण्याचं क्रंबल

आमच्या भाऊजींना अख्खी गल्ली हातोडा म्हणते. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पाठ वळली की मात्र हातोडाच. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ज्या बेकरीच्या काउंटरवर मी अर्धा जन्म काढला तिचे मालक तेच आणि भट्टीवालेही तेच. या माणसाचा हात आधी चालतो, तोंड मागून, आणि डोकं कधी पोचलंच तर सगळ्यांत शेवटी. मला तेवढे ते अहो-जाहो करतात, कारण एकदा मी पाव कापायची सुरी त्यांच्या पोटाला लावली होती.

ज्या उस्तादाकडे ते भट्टी शिकले, त्याने पाव करपले म्हणून यांचा तळवा तापल्या पत्र्यावर दाबून धरला होता. डाग अजून आहेत. दुसरा कोणी असता तर यातून शिकला असता की मारणं वाईट. हे शिकले की मारायचं ते असं. फुटकी अंडी आणणाऱ्याच्या डोक्यावर यांनी अंड्यांचा ट्रे उलटा केला आणि वर त्याच ट्रेने हाणलं. भट्टीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाचं गळ्याखालचं हाड मोडलं. त्या बिचाऱ्याला आजही डाव्या हाताने केस विंचरता येत नाहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि हे तर चांगले धडधाकट.

आमच्या बेकरीचा एक नियम आहे. भट्टीतून जे बाहेर येईल त्याच्यावर वितळलेल्या लोण्याचा ब्रश फिरलाच पाहिजे. पाव असो, बन असो, बिस्किट असो. त्याने चकाकी येते आणि चकाकीला गिऱ्हाईक भुलतं. ताई नवी नवी लग्न होऊन आली तेव्हा एक ट्रे तिने ब्रश न फिरवता तसाच काचेच्या कपाटात ठेवला. भाऊजींनी तोच ट्रे तिच्या मनगटावर मारला. हाड वाकडं बसलं ते बसलंच. दवाखान्यात विचारलं, काय झालं, तर ताई म्हणाली, भट्टीचं दार लागलं. पुढे ओठ फुटला तरी दार, डोळा काळानिळा झाला तरी दार. इतकी माणसं मारणारं दार मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. ब्रश मात्र ताई पुन्हा कधी विसरली नाही.

त्यांना एकच मुलगी, माझी भाची. या घरातून कधी एकदा सुटते असं तिला झालं होतं, आणि सुटली. तिची लेक ती मुंगी. एवढीशी, पण चावली तर कळेल अशी, म्हणून मुंगी. खरं सांगते, त्या पोरीला मांडीवर घेतलं की भाऊजींचा आवाज सुद्धा बदलायचा. मला तर आधी वाटलं यांना काहीतरी होतंय.

मुंगीला पहिल्यांदा लोण्याचं बिस्किट चाटवलं ते याच आजोबांनी. बघता बघता पोरीचे ओठ फुगले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रस्त्यावर एक गाडी थांबत नव्हती, तिची काच भाऊजींनी मुठीने फोडली आणि तिला दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, हिला दूध चालत नाही. दूध, लोणी, साय, काहीच नाही. पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही. हे ऐकून या माणसाने काय करावं? वळून जावयाच्या कानफटात दिली. तुमच्या घराण्याचं रक्तच नासकं, म्हणे. भाचीने तिथेच, त्या दवाखान्याच्या बाकासमोर उभं राहून सांगितलं की यापुढे तुमचा हात कुणावरही उठला असं माझ्या कानावर आलं, तर मुंगी तुम्हाला परत दिसणार नाही. आणि ती बापाचीच मुलगी. बोलली म्हणजे बोलली.

झालं. हातोडा गार पडला. पण आतून धुमसतच होता. हात शिवशिवले की मैद्याच्या पोत्यावर ठोसे मारायचा. एकदा पोतं फाटून आम्ही सगळे भुतासारखे पांढरे झालो. माणसावर मात्र हात नाही. बरं, खात्री पटेपर्यंत भाची मुंगीला घरी आणत नव्हती, पण पोरगी आता चुरूचुरू बोलायला लागली होती आणि आजोबांकडे काय काय खायला मिळतं हे तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिने फोनवर सांगितलं, मला क्रंबल पाहिजे. क्रंबल म्हणजे खाली सफरचंदाच्या फोडी, वर मैदा आणि साखर गार लोण्यात चुरून पसरायची, आणि भट्टीत भाजायचं. थोडक्यात, लोणी हाच त्याचा जीव. भाऊजी म्हणाले, करतो.

पहिलं केलं मार्जरीनचं, म्हणजे नकली लोण्याचं. भाची एकटीच बेकरीत आली, तिने पाकीट मागून बारीक अक्षरं वाचली, त्यात दुधाची भुकटी होती. तिने ते पाकीट त्यांच्या अंगावर फेकलं. भाऊजी दुकानदाराचा गळा धरायला निघाले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन त्यांनी लाकडी स्टुलाचे तुकडे केले. दुसरं केलं साध्या तेलाचं. वरचा थर म्हणजे नुसता चिखल. तो ट्रे भिंतीवर बसला, सफरचंदाच्या फोडी ओघळत खाली आल्या, आणि त्या पुसल्या मी. तिसरं खोबरेल तेलाचं. ते डब्यात भरून भाचीकडे पाठवलं, तर मुंगीचा फोन आला, "आजोबा, हे डोक्याला लावायचं आहे का?" भाऊजींनी फोन ठेवला आणि कपाटाच्या काचेत कोपर घातलं. टाके पडले. टाके घालणाऱ्याला त्यांनी खरं तेच सांगितलं, म्हणजे क्रंबल जमत नाही म्हणून.

खरी अडचण तेलाची नव्हती, त्यांच्या हातांची होती. लोणी माफ करतं, कसंही कालवा, जमून येतं. तेल माफ करत नाही. हातोड्याचे हात गरम आणि जड. ते चुरायला जात आणि चिरडून ठेवत. शेवटी ताई बोलली. भट्टीच्या कामात या बाईने आजवर तोंड उघडलं नव्हतं. चार हात लांब उभी राहून म्हणाली, बिनवासाचं खोबरेल आणा, फ्रीजरमध्ये दगड करा, किसणीवर किसा. मैद्यात ओट्स आणि बदामाची पूड घाला म्हणजे कोरडं राहील. आणि मुठीने नको, बोटांच्या टोकांनी, नुसतं सोडत जा. भाऊजींचा हात वर आला. मी सुरीकडे बघितलं. हात तसाच वळला आणि बर्फाच्या बादलीत मनगटापर्यंत गेला. लालबुंद, बधिर बोटांनी त्यांनी चुरायला घेतलं, आणि पहिल्यांदाच मैदा वाळूसारखा सुटा पडला. वर चकाकी नाही, धुळीसारखा मख्ख रंग, पण खाल्ल्यावर कुरकुरीत. तो डबा मुंगीने चाटूनपुसून परत पाठवला.

तेव्हा कुठे भाची म्हणाली, चार वर्षं झाली, हात उठला नाही, मुंगीचा वाढदिवस बेकरीतच करू. सुट्टीच्या दिवशी येतो, भट्टीतून निघालेलं गरम गरम खाऊ दे तिला.

भाऊजींनी बेकरी धुऊन काढली म्हणजे अक्षरशः धुऊन काढली. लोण्याचे डबे शेजाऱ्याकडे पाठवले. टेबल, ट्रे, किसणी, सगळं उकळत्या पाण्याने घासलं. नवा ट्रे आणून त्याला लाल रंगाचा पट्टा मारला, त्याला कुणी हात लावायचा नाही. एकच गोष्ट राहिली. भट्टीच्या तोंडावर, खिळ्याला, लोण्याची वाटी आणि ब्रश टांगलेला असतो. तो तिथे इतकी वर्षं आहे की तो कुणाला दिसतच नाही. भट्टीच्या धगीने वाटीतलं लोणी कायम पातळ.

मंडळी आली. भाचीने मुंगीची वाटी आणि चमचा घरून आणला होता. भाऊजींनी क्रंबलचा तो ट्रे बाहेर काढून फळीवर ठेवला आणि नातीसमोर बरं दिसावं म्हणून मागे शर्ट बदलायला गेले. ताई आत आली. भट्टीतून ताजा काढलेला ट्रे, वर चकाकी नाही. तिचा हात खिळ्याकडे गेला. मन कुठे होतं देव जाणे, नातीकडे असेल. आज लोणी नको हे हाताला ठाऊक नव्हतं. वाकड्या मनगटाचा तो हात एकदा इकडून तिकडे फिरला आणि ब्रश परत खिळ्याला. मग ताईने ट्रे उचलून टेबलावर आणला. भाचीने दोनदा विचारलं, लोणी नाही ना? ताई म्हणाली, नाही गं बाई. तिला खरंच तसं वाटत होतं.

मुंगीने चमचा भरला. फुंकर मारली. भाऊजी बटणं लावत दारात आले, हसत होते, आणि त्यांची नजर ट्रेवर गेली. ट्रे चकाकत होता.

ओरडायला वेळ नव्हता. चमचा ओठाला लागला होता. टेबलावरून झेप घेऊन त्यांनी जो हात मारला, त्याने चमचा भिंतीवर, वाटी छताकडे आणि मुंगी खुर्चीसकट जमिनीवर. ओठ फाटला. एक दात उडून काउंटरखाली गेला. दुधाचा दात. त्या पोरीला दुधाचं तेवढंच काय ते चालत होतं, तेही आजोबांनी काढून घेतलं.

भाचीने लाटणं उचललं. पहिला घाव कपाळावर, दुसरा कानावर. भाऊजी हलले नाहीत. हात खाली सोडून मार खात उभे राहिले, रक्त नव्या शर्टावर ठिबकत होतं, आणि एकच म्हणत होते, "लोणी आहे. थुंकायला लाव. लोणी आहे." भाचीला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या हातातलं लाटणं तिसऱ्यांदा वर गेलं, तेव्हा ताईने आपली बोटं नाकाशी नेली, वास घेतला. "मी लावलं," ताई म्हणाली. "माझ्याच हाताने लावलं."

मुंगीचा ओठ फुगत होता. माराने फुगतोय की लोण्याने, कोण सांगणार? भाचीने अशा वेळेसाठी पर्समध्ये ठेवलेलं ॲलर्जीचं इंजेक्शन काढून तिच्या मांडीत टोचलं आणि आम्ही पळालो. गाडीत मुंगी रडत होती, आणि रडते आहे म्हणजे श्वास चालू आहे, एवढ्यावर आम्ही जगत होतो.

डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, छाती तपासली, पोट पाहिलं. बराच वेळ बसवून ठेवलं. मग म्हणाल्या, इंजेक्शन दिलंत ते योग्यच केलंत, पण अंगावर पुरळ नाही, घसा मोकळा आहे, पोटात काही गेलेलं दिसत नाही. ही सूज माराची आहे. कुणी मारलं हिला?

ताईने तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार. भट्टीचं दार. ते शब्द तिच्या ओठांवर आलेले मी पाहिले.

"माझ्या वडिलांनी," भाची म्हणाली. "त्यांनी मारलं म्हणून ती वाचली. आणि माझ्या आईचं मनगट पण त्यांनीच मोडलं होतं. दार नव्हतं. ब्रश फिरवायला विसरली म्हणून मोडलं. म्हणूनच आज तो फिरला."

भाऊजी कोपऱ्यात बसले होते. वर्मावर बोट ठेवलं की हा माणूस पेटून उठायचा. आज नुसता स्वतःच्या तळव्यावरच्या डागांकडे बघत राहिला. आयुष्यात एकदाच त्याने योग्य वेळी, योग्य जागी हात मारला होता, आणि ती वेळसुद्धा त्याच्याच हाताने आणलेली होती. मला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. कपाळ फुटलेलं, कान सुजलेला. आणि तुम्हाला हे काय झालं?

भाऊजींनी लेकीकडे बघितलं. म्हणाले, "भट्टीचं दार लागलं."

भाची मुंगीला घेऊन गेली. दाराशी थांबून म्हणाली, अट मोडली की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. पण मुंगीने ठरवलं होतं. पुढे ती आली तेव्हा भाऊजींनी डब्याचं झाकण उघडायला हात उचलला, तर पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. अगदी ताई झाकायची तसं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. भाऊजी मागे सरकत सरकत पार भट्टीपर्यंत गेले, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता भट्टीवर खिळा नाही, वाटी नाही, ब्रश नाही. पावाला चकाकी नसते, गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे. दर सुट्टीला मुंगी येते आणि लांब टेबलाच्या त्या टोकाला बसते. भाऊजी बर्फात हात घालून क्रंबल चुरतात, भाजतात, वाटीत काढतात. मग भट्टीतून पाव ओढायची ती पुरुषभर दांड्याची लाकडी फळी घेतात, तिच्यावर वाटी ठेवतात, आणि टेबलाच्या या टोकावरून हळूहळू पुढे सरकवतात. वाटी तिच्यासमोर पोचते. चमचा उचलायच्या आधी मुंगी दर वेळी विचारते.

"आजोबा, हात कुठे आहेत?"

"दांड्यावर," भाऊजी म्हणतात. "दोन्ही."

ती वाकून खात्री करून घेते, आणि मग खाते.