अमिषाचा खुबा

रेवदंड्याच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, अमिषाने चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरला. मुलगी निसटली. अमिषा खालीच बसून राहिली. जांघेत आतून अशी कळ आली होती की तिला उठताच येईना.

“ऊठ! नाटकं करते, दुसरं काय न्हाय!” दत्तात्रेय मैदानाबाहेरून ओरडला. तो संघाचा प्रशिक्षक, आणि अमिषाचा सख्खा काका. लोक हसले.

खारेपाटातल्या त्यांच्या गावात कबड्डी घरोघरी. अमिषा पाचवीत असल्यापासून काकाने तिच्याकडून रोज खोल बैठका मारून घेतल्या, डाव्या कोपऱ्यात वाकून घोटा कसा धरायचा ते शिकवलं. तिच्यासारखी पकड जिल्ह्यात कुणाची नव्हती. पण गेलं वर्षभर उकिडवं बसलं, रिक्षातून उतरलं, की ती जांघ धरायची. गावच्या डॉक्टरने स्नायू ताणलाय म्हणून गोळ्या दिल्या. काका मात्र चारचौघांत सांगत सुटला, “पोरीचं मन लग्नात हाय.”

शेवटी आई, कमळ, तिला मांडव्याहून बोटीने मुंबईला घेऊन गेली. डॉक्टर जुनेरा मुकादम यांनी तिला उताणं झोपवलं, गुडघा छातीकडे आणून पाय आतल्या बाजूला वळवला. अमिषा किंचाळली.

“स्नायू नाही हा, सांधा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. एक्स-रे आणि एमआरआय झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोळ्याच्या मानेवर हाड जास्तीचं वाढलं होतं. वाकलं की ते वाटीच्या कडेवर आपटायचं, आणि कडेचा मऊ पट्टा त्यानं फाटला होता.

खात्रीसाठी त्यांनी सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन दिलं; दुखणं सांध्यातलंच असेल, तर ते तेवढ्यापुरतं थांबणार होतं. थोड्या वेळाने अमिषा खाली वाकली. दुखलं नाही. तिने तिथूनच काकाला व्हिडिओ कॉल लावला. “बघा काका, सांध्यातच हाय दुखणं! नाटक नव्हतं!”

“म्हंजे बरी झालीस,” तो म्हणाला. “मग रविवारी मैदानावर ये.”

तिने फोन कापला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. भुलीत असताना पाय ओढून सांधा थोडा उघडला, छोट्या छिद्रांतून जास्तीचं हाड घासून काढलं, फाटलेला पट्टा शिवला. आधी कुबड्या आल्या, मग कित्येक महिने व्यायाम. काका बघायला आला नाही. काकू एकदा तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली, तर अमिषाने दार उघडलं नाही.

तपासणीच्या वेळी तिने डॉक्टरांना विचारलं, “हे हाड वाढलं कशानं?”

“वाढीच्या वयात फार जोराचा सराव केलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. पण तुझं त्यानेच झालं, असं मी सांगू शकत नाही.”

अमिषाने पहिलं वाक्य तेवढं धरलं. गावात परतल्यावर ती थेट सरावाच्या मैदानावर गेली. लहान मुली खोल बैठका मारत होत्या.

“माझा खुबा तुम्ही बिघडवलात,” ती काकाला म्हणाली. “आता या पोरींचा बिघडवताय.”

“तुला खेळाडू कुणी केली गो? तुझ्या बापाने?” दत्तात्रेय उसळला. “माझ्या मैदानात पुन्हा पाय ठेवू नको!”

कमळ रडली, मध्ये पडली. दोघांपैकी एकही मागे हटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात अमिषा पेणकडच्या संघातून खेळायला लागली. पूर्वीइतकं खोल वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून घोटा सोडून ती आता कमरेची पकड करते. काकाच्या संघाशी गाठ पडली तेव्हा तिने त्याची सगळ्यात चांगली चढाईपटू दोनदा बाद केली. तरी सामना काकाच्याच संघाने जिंकला.

शेवटी दोन्ही संघांनी हात मिळवले. दत्तात्रेय रांगेतून येत होता. अमिषाने हात मागे घेतला, आणि त्यानेही आपला पुढे केला नव्हता.