चार बोटं

मिस्त्रींचा खुब्याचा सांधा बदलून त्यांना घरी आणलं, तेव्हा त्या घरात त्यांना बसता येईल अशी एकही खुर्ची नव्हती. म्हणजे खुर्च्या होत्या. चांगल्या दणकट दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या होत्या. पण त्यांच्यावर बसायची त्यांनाच बंदी झाली होती.

भानगड होती उंचीची. सांधा नवा असताना फार जपावं लागतं. पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर सांधा जागचा निसटतो. घरी व्यायाम करून घ्यायला एक बाई येत असत. त्यांनी हे सगळं हातवारे करून, चित्र काढून समजावलं. मिस्त्री भुवया आक्रसून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे काटकोनाच्या आत जायचं नाही. सरळ तसं सांगा की, बाई! चित्रं कसली काढताय?"

असे हे मिस्त्री. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा जन्मापासूनचा बाणा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चाले, आणि ते चालू आहे की बंद हे गल्लीला करवतीवरून नव्हे, त्यांच्या आवाजावरून कळायचं. हाताखाली माणसं आली तशी गेली. कुणी दुपारच्या चहालाच गेला तो परत आला नाही. टिकल्या फक्त काकू. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला काकूच म्हणते. पण काकूंनाही शेडमध्ये एकच काम होतं, लाकूड घासून गुळगुळीत करायचं आणि पॉलिश मारायचं. करवतीला हात लावायचा नाही. करवत मिस्त्रींची.

आता खुर्च्या बुटक्या का, हेही सांगायला हवं. काकू उंचीला बेताच्या. बेताच्या म्हणजे, मिस्त्री शेजारी उभे राहिले की लोक हसू दाबायचे. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा मिस्त्रींच्या वडिलांनी केलेल्या उंच खुर्च्या होत्या, आणि नवी नवरी जेवायला बसली की तिचे पाय खाली लोंबायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगंबाई, ही तर झोपाळ्यावर बसल्यासारखी दिसते!" सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत, बोललेही नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक बुटकी खुर्ची आणून तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "टेकले का पाय?"

त्यांच्या आयुष्यातलं प्रेमाचं बोलणं म्हणाल तर एवढंच. पण त्यानंतर त्या घरात जी म्हणून खुर्ची झाली ती काकूंच्या मापाची झाली. मिस्त्री स्वतः गुडघे छातीशी घेऊन जेवले, पण उंची बदलली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "जमिनीजवळ बसलं की माणूस शांत राहतो." हे ऐकून शेजारचा वेल्डर म्हणे, "मग तुम्ही कधी होणार?"

हे सगळं इतकी वर्षं चाललं, आणि आता अंगाशी आलं. पलंग वडिलांच्या हातचा, उंच, त्यामुळे झोपायची चिंता नव्हती. पण दिवसभर झोपून राहायचं नाही, थोडं चालायचं, थोडं बसायचं, असं बाईंनी बजावलेलं. बसायचं कुठे? काकूंनी खुर्चीवर उशा रचल्या. बाईंनी एका हाताने दाबून बघितल्या आणि मान हलवली. "उशी खाली बसते, आजोबा. आणि ही दुसरी खुर्चीही अशी चालणार नाही. तुम्ही सवयीने कधी जाऊन टेकाल सांगता येत नाही."

"मी काय लहान आहे?" मिस्त्री कडाडले.

"लहान मुलं ऐकतात," बाई म्हणाल्या.

लेक तिथेच उभी होती. तिने संधी साधली. "बाबा, आता हट्ट पुरे. माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, खुर्च्या उंच आहेत, मी आहे. आईने एकटीने किती करायचं? शुक्रवारी बाई परत येतील तेव्हा मीही येते. तोवर घरात नीट बसायची सोय झाली तर राहा. नाही झाली तर त्याच दिवशी गाडी आणते."

लेकीचं चुकत नव्हतं. पण समोरचा पेंटर, त्यांचा जुना दोस्त, असाच महिनाभरासाठी म्हणून मुलाकडे गेला होता. आता त्याच्या घरात दुसरेच लोक राहतात आणि पेंटर फोनवर विचारतो, माझी शिडी अजून भिंतीला आहे का रे? एकदा या घराचा उंबरा ओलांडला की शेड गेली, हत्यारं गेली, आणि आपणही गेल्यातच जमा, हे मिस्त्रींना स्पष्ट दिसत होतं. लेकीला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "शुक्रवार अजून लांब आहे."

ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी बोलवू या. खुर्च्यांच्या पायांना ठोकळे लावायचे, त्यात काय मोठंसं?"

"दुसरा सुतार? या घरात? त्यापेक्षा मला गाडीत घाला."

"मग मी करते."

मिस्त्री हसले. काकू हसल्या नाहीत. "हसता काय? इतकी वर्षं तुमचं बघतेच आहे. तुम्ही इथून सांगा. तोंड तर चालतंय ना? तेवढं ऑपरेशन राहिलं तुमचं."

झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. मिस्त्री वॉकर धरून कष्टाने मागच्या दारापर्यंत येत, तिथे उभं राहून ओरडत, थकले की पलंगावर जात आणि तिथून ओरडत. लाकूड कुठलं घ्यायचं ते सांगितलं. ठोकळा पायापेक्षा रुंद हवा म्हणजे खुर्ची डुगडुगणार नाही, हे सांगितलं. किती उंच? मिस्त्रींनी डोळे मिटून क्षणभर हिशेब केला आणि फर्मावलं, "चार बोटं." टेप होती शेडमध्ये, पण मिस्त्री ती गिऱ्हाईक समोर असतानाच काढायचे. एरवी त्यांच्या तोंडी बोटं आणि वीत.

करवतीचा आवाज आला आणि मिस्त्रींचा जीव खालीवर होऊ लागला. "अगं दाबू नको! दाबू नको तिला! तिच्या चालीने जाऊ दे!"

"तुम्ही गप्प बसलात तर जाईल!"

थोड्या वेळाने आवाज बदलला. मघाशी लाकूड खरडल्यासारखं वाटत होतं, आता करवत सरळ, लांब श्वास घेत चालली होती. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. चांगलं चाललंय असं म्हणावं, हे त्यांच्या जिभेवर आलं आणि जिभेनेच परत पाठवलं.

दुपारी काकूंनी एक खुर्ची ओढत आत आणली. चारी पायांना ठोकळे, खालून स्क्रू घट्ट पिळलेले, कडा घासून मऊ केलेल्या. काकूंच्या केसांत भुसा होता आणि चेहरा असा, जणू परीक्षेचा निकाल लागायचाय. मिस्त्री वॉकर धरून खुर्चीकडे पाठ करून उभे राहिले, तिची कड पायाला लागेपर्यंत मागे सरकले, शस्त्रक्रियेचा पाय पुढे टाकला, हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि बसू लागले. खुर्ची यायला हवी होती तिथे आली नाही. ते आणखी खाली गेले आणि मग धपकन टेकले. खुब्यातून कळ निघाली ती थेट दातांपर्यंत.

"अहो!" काकू धावत पुढे आल्या. "निसटला का? काय झालं? अहो, बोला ना!"

मिस्त्रींनी घाम पुसला. मग सावकाश, हातांवर जोर देऊन उठले. पाय टेकला. चालला. सांधा जागेवर होता. काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि मिस्त्रींचा आवाज परत आला.

"चार बोटं सांगितली होती! चार! मला काय मारायला निघालीस?"

"चारच केलीत!" काकूंचे डोळे भरून आले होते, पण आवाज त्यांचाही चढला. त्या खाली बसल्या आणि ठोकळ्याला आपली बोटं आडवी लावली. "मोजा! एक, दोन, तीन, चार. आहेत की नाही?"

होती. ठोकळा काकूंच्या चार बोटांना तंतोतंत होता, सुईच्या टोकाचाही फरक नव्हता. मिस्त्रींनी आपला हात वर करून पाहिला. रंध्याने आणि हातोडीने पसरलेला तो पंजा. मग काकूंचा पाहिला. या घरात माप घेणारा हात आजवर एकच होता, म्हणून चार बोटं कुणाची हे सांगायची वेळच कधी आली नव्हती.

"चूक माझी," मिस्त्री म्हणाले.

काकूंना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण त्यांनी परत म्हणायला लावलं नाही. तेवढं त्यांना कळत होतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी पलंगावर फळी घेतली, तिच्यावर आपली चार बोटं जुळवून ठेवली आणि काकूंनी पेन्सिलीने दोन्ही बाजूंना रेघ ओढली. त्या मापाने नवे ठोकळे झाले, दोन्ही खुर्च्यांना. जुने ठोकळे काढले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ते टाकून दे." काकू बरं म्हणाल्या.

शुक्रवारी बाई आल्या, लेक आली. लेकीने गाडी बाहेर लावली होती आणि ते मिस्त्रींनी खिडकीतून पाहिलं होतं. बाईंनी खुर्ची आधी चारी बाजूंनी हलवून बघितली. हलली नाही. मग म्हणाल्या, "बसा." मिस्त्री मागे सरकले, पाय पुढे घेतला, बसले. खुर्ची बरोबर वेळेवर आली. बाईंनी बाजूने वाकून गुडघा पाहिला, खुबा पाहिला.

"छान," त्या म्हणाल्या. "अगदी हवी तशी. कुणी केलं हे?"

"आहे एक घरचा सुतार," मिस्त्री म्हणाले. "हात चांगला आहे. तोंड जरा जास्त चालतं."

लेक पुढे आली आणि तिने खुर्ची चाचपली. हरली होती, पण हरल्याचं तिला बरंही वाटत होतं. "ठीक आहे, बाबा. राहा. पण रोज फोन करणार मी." मग तिची नजर दुसऱ्या खुर्चीकडे गेली आणि ती हसली. "आई, तुझं काय झालं गं हे?"

काकू आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्यांचे पाय जमिनीपासून वर, अधांतरी लोंबत होते. काकूही हसल्या. "असू दे गं. मला काय कुठे जायचंय? यांचं बरं झालं म्हणजे झालं."

मिस्त्री हसले नाहीत, बोललेही नाहीत. बाई गेल्या, लेक गेली, गाडी रिकामीच गेली. चहा झाला. काकू परत खुर्चीत बसल्या आणि परत पाय लोंबू लागले. मिस्त्री त्या पायांकडे बघत होते.

"ते तुझे ठोकळे टाकलेस?"

"तुम्हीच टाका म्हणालात."

"टाकलेस का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पहिले होते माझे. पॉलिश पेपरच्या डब्यात ठेवलेत."

"आण. आणि दारामागची ती अरुंद फळी आण. जाडी बघ तिची, एक बोट आहे. माझं बोट. तुझ्या चार बोटांचे ठोकळे खाली, वर माझी फळी. खुर्ची जेवढी चढली तेवढं भरून निघतं."

करवत लागलीच नाही. फळी मिस्त्रींनी खुर्चीत ताठ बसून हातात पेलली, स्क्रू काकूंनी पिळले, आणि या सगळ्यात मिस्त्री एकदाही ओरडले नाहीत. पाट तयार झाला तेव्हा काकूंनी तो आपल्या खुर्चीपुढे सरकवला आणि वर बसल्या.

मिस्त्रींना बघायचं होतं. पण मधे टेबल होतं, आणि वाकायला बंदी होती. म्हणून त्यांना विचारावं लागलं.

"टेकले का पाय?"

काकूंनी पावलं पाटावर दाबून बघितली. "टेकले," त्या म्हणाल्या.