यायचं तिकीट

भिवंडीत लूमच्या कामगारांना गावाकडची रेल्वेची तिकिटं काढून देणारी एक बाई होती. तिच्या दुकानात मी एकदाच गेलो, पोलंडमधल्या ट्रेनचं तिकीट काढायला. विमानाचं मला तिकडं कामाला नेणाऱ्या ठेकेदारानं दिलं होतं. विमानतळापासून कारखान्याच्या गावापर्यंतचं माझं मी काढायचं होतं.

"ताई, वरची बर्थ बघा," मी म्हणालो.

"इसको पहले स्कूल भेजो," रांगेत माझ्या मागं असलेला एक चाचा हसला. मी सातवीतच शाळा सोडलेली, मान खाली घातली.

"चाचा, तुमको गोरखपुर जाना है ना? बैठो चुपचाप." चष्मा केसांत खोचून ती माझ्याकडे वळली. बोलताना कीबोर्डवर बसलेला कापूस बोटानं टिपत राहायची तिची सवय. "अरे, ती नुसती बसायची गाडी हाय. परतीचं काढू?"

"परतीचं ठेकेदार काढणार हाय. पासपोर्ट बी तोच सांभाळणार."

तिचं बोट थांबलं. "जायचं तू काढतोस नि यायचं तो? उलटं असतं तर मला बरं वाटलं असतं."

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लूमवर शेठ आमची आधार कार्डं ठेवूनच घ्यायचा.

आता मी इथं पोलंडमध्ये अडकलोय; ठेकेदार फोन उचलत नाही, आणि पासपोर्ट त्याच्याकडेच आहे. आईला मी सगळं बरं चाललंय म्हणून सांगतो. त्या बाईची आठवण आली की मात्र हात जोडावेसे वाटतात. भिवंडीत आम्ही राहायचो त्या शेलारात जो तो विचारायचा, कधी जाणार? येणार कसा, हे तिनं एकटीनंच विचारलं.