मोहाखालची लोण्याची कॉफी

सकाळच्या ताकदीसाठी कॉफीत लोणी घालायचं, हे मी मोबाइलवर शिकलो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आई पहाटेपासून झाडाखाली वाकलेली असते, म्हणून एकदा थर्मासभर कॉफी तिच्यासाठी नेली. घरी वीज नव्हती, मिक्सर बंद. चमच्यानं ढवळून हात दुखला, तरी लोणी वरच तरंगत राहिलं.

आईनं पेल्यात डोकावून पाहिलं. "इतकं चांगलं लोणी काऊन नासवून राह्यला?" म्हणत तिनं बोटानं तो तवंग काढला, उजव्या टाचेच्या भेगांत चोळला आणि खालची कॉफी पिऊन टाकली. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी टोपली उचलताना तिनंच विचारलं, "आज कॉफी नाई का रे? डावी टाच राह्यली ना!"