'नाही'चे गठ्ठे

डिंडोलीत घरोघर फिरून पोरापोरींना व्यसनांबद्दल विचारायचं आणि संशोधनाचे फॉर्म भरायचे, हे काम मालतीबाई सात वर्षं करत होत्या. जिने चढून गुडघे गेले होते, आणि तेच ते प्रश्न विचारून जीव विटला होता.

"तंबाखू, गुटखा, काही?" त्यांनी तेरा वर्षांच्या रुपालीला विचारलं.

"छे! तसलं मी नाही खात."

मालतीबाईंनी 'नाही'वर खूण केली.

"फक्त मशेरी लावते. नाही लावली तर डोकं धरतं, शाळेत लक्षच लागत नाही."

"कधीपासून?"

"तिसरीत दाढ दुखत होती, तेव्हा आईनं लावली."

मालतीबाईंचं पेन थांबलं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण दात घासण्याला व्यसन कोण म्हणतं! म्हणून सात वर्षांत त्यांनी कुणालाच ते विचारलं नव्हतं. कपाटात 'नाही'चे गठ्ठे रचले होते. आता तेच जिने पुन्हा चढायचे.

त्या मटकन पायरीवर बसल्या. दमल्या की जायचा तसा हात पिशवीतल्या डबीकडे गेला. त्यांनी झाकण उघडलं, तशी रुपालीनं तळहात पुढे केला.

"मावशी, मलाही द्या ना चिमूटभर."