झोळीतलं मीठ

"नूतनताई, साहिल हाताला हलका लागतो गो," शांती म्हणाली.

नूतनने काट्याकडे बघितलं. वजन महिन्यागणिक वाढत होतं. "अगं, आईला आपलं मूल हलकंच वाटतं," असं म्हणून ती पुढच्या घरी गेली. ही आषाढातली गोष्ट.

नूतन रोह्याजवळच्या अष्टमी गावची. सकाळच्या गाडीने पेणला उतरायचं, तिथून मिनीडोर रिक्षाने खाडीकाठची गावं धरायची. एका संस्थेच्या आरोग्य-अभ्यासाचं काम. पोटुशी बाई, अंगावरचं मूल, शाळेतली पोरं, कंपनीत शिफ्ट करणारे, ओटीवर बसलेले म्हातारे. कुठल्या वयात माणूस कसा जगतो, ते त्याच घरांत वर्षानुवर्षं जाऊन बघायचं. वजन, रक्तदाब, आणि शेवटी मनाचे प्रश्न. मनाच्या प्रश्नांना धड उत्तर मिळत नसे.

"आजी, गेल्या महिन्यात मन लागलं नाही, असं कधी झालं?"

"मन कशाला लागाया हवं? कामाला हात लागला पायजे," शांतीची सासू इंदुबाई म्हणाली होती. सगळा जन्म मिठागरात गेलेली बाई. "तू आदी लगीन कर. मग मी इचारते तुला."

नूतनला हे घर आवडायचं. इंदुबाईने पहिल्याच दिवशी अट घातली होती. संस्थेची वजनाची झोळी नको, तिच्यात गावभरची पोरं बसतात. नातू आजीच्या जुन्या लुगड्यात बसेल आणि झोळी आजीच बांधेल. नूतनने कबूल केलं. रिकामं लुगडं एकदा तोललं आणि दर महिन्याला तेवढं वजन वजा करू लागली. या गावांत काही घरं उंबऱ्याच्या आत घेत नसत. इथे चहा मिळत होता.

श्रावणात ती परत आली. तुळईला काटा टांगला. इंदुबाईने आतल्या खोलीतून झोळी बांधून आणली, नातू आत निजलेला. काटा मागच्या महिन्यापेक्षा थोडा पुढे गेला. सगळं ठीक होतं. मग झोळीच्या बुडातून एक थेंब नूतनच्या पावलावर पडला.

"मुतला वाटतं." तिने लुगड्याला हात लावला. ओल चिकट होती. वास नव्हता.

"दे इकडं, मी बदलते," इंदुबाई घाईने पुढे आली. ती कधी घाई करत नसे. नूतनने साहिलला उचलून शांतीकडे दिलं आणि झोळी उलगडली. तळाशी फडक्याची पुरचुंडी होती. आत दमट हवेने पाझरलेलं खडेमीठ.

"आजी, हे काय?"

"मीठ."

"ते दिसतंय. झोळीत कशाला?"

"तू मोजतेस म्हणून. मोजलेल्या पोराला नजर लागते. आपल्या आगरातलं हाय, भेसळ नाय."

"कधीपासून घालताय?"

"पयल्यापासून. आदी चिमूटभर. मग पोर सुकाया लागला, तवा मूठ. मग आणखी." इंदुबाईचा आवाज खाली आला. "नजर मोठी व्हती गो. मीठ वाढवाया नको?"

पोर जेवढं सुकलं, तेवढं मीठ वाढलं. म्हणून काटा कधी मागे आला नाही.

नूतनने साहिलला नुसत्या लुगड्यात ठेवलं. काटा कितीतरी मागे थांबला. ते बघून शांतीने तोंडाला पदर लावला. तिने दोष दिला असता तर नूतनला सोपं गेलं असतं.

"आत्ताच्या आत्ता पेणला. सरकारी दवाखान्यात."

"नाय," इंदुबाई दारात उभी राहिली. "तिथं धा जणी बघतील त्याला. हाय तेवढाबी जाईल."

नूतनच्या ओठावर आलं होतं, तुमच्या मिठाने गेला असता. पण काटा तिचा होता. 'वाढतोय' असं तीच म्हणाली होती.

"आजी, मीठ बरोबर घ्या," ती म्हणाली. "पण झोळीत नाही. मुठीत."

इंदुबाई दारातून बाजूला झाली. मग आत जाऊन तिने मूठ भरली.

दवाखान्यात नर्सने साहिलला काट्यावर ठेवायला घेतलं, तशी इंदुबाई मध्ये आली. नातवावरून मूठ उतरवू लागली. आल्या-गेल्याची, पाप्या-पापिणीची, शेजारच्यांची सगळ्यांची नजर तिने काढली.

"आजी, मागं रांग आहे," नर्स म्हणाली.

"व्हय गो, तुझीपण काढते," इंदुबाई म्हणाली. रांगेतल्या बाया हसल्या. नर्सही हसली, आणि थांबली.

डॉक्टरांनी साहिलला ठेवून घेतलं. आईचं दूध पुरत नव्हतं, बाळाची छातीही कफाने भरली होती. आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं, ते म्हणाले. शांती आत बसली. इंदुबाई बाहेरच्या बाकावर. तिची मूठ अजून मिटलेली होती.

"चूल नाय का गो इथं?"

नूतनने तिला हात धुवायच्या नळावर नेलं आणि नळ सोडला. इंदुबाईने वाहत्या पाण्याकडे बघितलं. "चालतं," ती म्हणाली, आणि मूठ उघडली.

दुसऱ्या दिवशी नूतनने संस्थेला सगळं सांगितलं. खाडीकाठच्या बाळांची वजनं पुन्हा घ्यायची ठरली. आणखी काही घरांत बाळांच्या कपड्यांत मिठाच्या पुरचुंड्या निघाल्या.

साहिल गणपतीच्या आधी घरी आला. भाद्रपदात नूतन त्यांच्याकडे गेली. आधी इंदुबाईने मीठ उतरवून चुलीत टाकलं. ते तडतडलं. नूतनने काटा टांगला, संस्थेची झोळी काढली, पण साहिलला लगेच आत ठेवलं नाही.

"शांती, तू आधी घे त्याला," ती म्हणाली. "हाताला कसा लागतो, सांग."

शांतीने लेकराला उचललं. डोळे मिटले. एकदा खाली-वर केलं.

"जड लागतो गो," ती म्हणाली.

मग नूतनने त्याला झोळीत ठेवलं.